वर्गात ‘करलालो’ म्हणून हाक मारतात, पोरगं आता घरीही बोलेना

पत्र असं आलंय (नाव-गाव थोडं बदललंय, लांबीही कमी केलीये):

“नमस्कार ताई. आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. मिस्टरांची बदली झाली म्हणून मे महिन्यात पिंपरी-चिंचवडला आलो. मुलगा सातवीत आहे, जूनपासून इथल्या शाळेत जातो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं काय करतोयस, हा म्हणाला ‘होमवर्क करलालो’, तेव्हापासून त्याचं नावच ‘करलालो’ पडलं. व्हॅनमधली चार मुलं जास्त त्रास देतात. मागच्या सीटवर बसवून दप्तर इकडून तिकडे फेकतात, डब्यात भाकरी दिसली की नाक दाबतात. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत टॉयलेटला गेला तर बाहेरून कडी लावली, सफाईच्या मावशींनी उघडली तेव्हा तास सुरू झाला होता आणि उशिरा आला म्हणून यालाच बाहेर उभं केलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या फोटोचा स्टिकर बनवलाय. क्लास टीचरना भेटले तर म्हणाल्या मुलं आहेत, मस्करी करतात, तुम्ही त्याला जरा नीट बोलायला शिकवा. म्हणून मी घरीही त्याला शुद्ध बोलायला लावते. मिस्टर म्हणतात दोन ठेवून दे एकदा, गप्प बसतील. आता रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. आजीचा फोन आला तरी येत नाही बोलायला. शाळा बदलावी का?”

ताई नमस्कार,

एक काम आजच्या आज करा, घरातली ती ‘नीट बोल’ची शिकवणी बंद करा. तुम्ही ती का सुरू केलीत ते कळतं, बाहेर कुणी हसू नये म्हणूनच केलीत, पण त्याच्या बाजूने बघा ना, व्हॅनमधे पोरं म्हणतात तू बोलतोस ते चूक, वर्गात मॅडम म्हणतात नीट बोल, आणि घरी चपला काढतोय तोवर आई पण तेच म्हणते, मग त्याला वाटणारच की पोरं बरोबर आहेत, खोट माझ्यातच आहे. आजीच्या फोनवर येत नाही ते मला त्यातलंच वाटतं. आजीशी बोलायचं म्हणजे त्याच बोलीत बोलायचं, आणि ती तोंडातून निघाली की काय होतं हे तो तीन महिने बघतोय. आज संध्याकाळी तुम्हीच आजीला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि मोकळेपणानं ‘काय करलालाव’ म्हणून सुरुवात करा. त्याला बोलवायचं नाही, ये ना ये ना करायचं नाही, नुसतं कानावर पडू द्या. येईल चार दिवसांत. आणि पुण्याकडचं बोलणं तो शिकेल की नाही ही काळजीच सोडा. लातूर-नांदेड-परभणीकडून आलेली कितीतरी मुलं मी शाळेत समुपदेशनाचं काम करताना बघितलीत, दुसरी सहामाही लागेपर्यंत ती शाळेत एक बोलतात आणि घरी एक, कुणाला शिकवावं लागत नाही.

आता हे मस्करी की बुलिंग. मॅडमनी ते दोन शब्दांत निकालात काढलं म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण उद्या शाळेत बसून बोलायची वेळ आली की तुम्हाला हे लागेल. डॅन ओल्वेयस म्हणून एक संशोधक नॉर्वेत होते, १९७० च्या दशकापासून याच विषयावर काम केलं त्यांनी, आणि त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. यातली तिसरी खूण आपल्याकडे हमखास सुटते कारण ताकद म्हटली की आपल्याला दंड दिसतात. चार विरुद्ध एक ही ताकद आहे. जुने विरुद्ध नवा ही ताकद आहे. वर्गातल्या पन्नास जणांसारखं बोलता येणं आणि एकट्यालाच न येणं ही पण ताकदच. तुमच्या पत्रातल्या गोष्टी या तिन्ही खुणांना लावून बघा, एकही सुटत नाही. दोन पोरं कबड्डीत हमरीतुमरीवर आली, एकमेकांची कॉलर धरली आणि दुसऱ्या दिवशी एका डब्यात जेवली, ते भांडण. मस्करीत तर ज्याची केली तोही हसतो आणि थांब म्हटलं की थांबते. बाहेरून कडी लावणं मस्करीत कधीच बसत नाही, त्या कोंडलेल्या पोराला दमा असता तर? आणि वर उशीर झाला म्हणून शिक्षाही त्यालाच, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

बाकीच्या पालकांसाठी इथेच एक सांगून टाकते, कारण ‘आमचं मूल तर काहीच सांगत नाही’ अशी पत्रं पण भरपूर येतात. मूल तोंडाने सांगत नाही पण दप्तर सांगतं. पाण्याची बाटली जशी भरून दिली तशीच परत येतेय का बघा. बरीच मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत कारण पाणी प्यायलं की टॉयलेटला जावं लागेल आणि टॉयलेटमधे मोठं माणूस कुणी नसतं, घरी आली की दप्तरासकट बाथरूमकडे धावतात. डबा परत येतो, किंवा उलट, डबा रिकामा पण पोर घरी आल्यावर दोन दिवस उपाशी असल्यासारखं जेवतं, म्हणजे तो डबा दुसऱ्याच कुणाच्या पोटात गेला. पट्टी-पेन-रंग सारखे हरवतात. दहा-वीस रुपये मागतं आणि कशाला ते सांगता येत नाही. रविवारी संध्याकाळी मूड जातो. आणि पोटदुखी. ती खोटी नसते हां, भीतीनं खरंच दुखतं पोट, त्यामुळे ‘नाटकं करू नकोस’ हे वाक्य नको. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणजे तुमच्याही मनातली शंका जाईल. यातली एखादी गोष्ट अधूनमधून झाली तर लगेच काही समजू नका, मुलं वस्तू हरवतातच, पण तीन-चार एकदम आणि सहा-सात आठवडे चालू असतील तर बसून बोलायला हवं.

तुमच्या लेकाशी बोलायचं ते समोर बसवून नाही, तशी चौकशी झाली की मुलं कुलूप लावून घेतात. गाडीवर मागे बसलेला असताना, नाहीतर तुम्ही भाजी निवडताय आणि तो शेंगा सोलतोय अशा वेळी, म्हणजे डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत. ‘कोण मारतं तुला’ असं नका विचारू, त्याला उत्तर ‘कुणी नाही’ हेच येणार. ‘मधल्या सुट्टीत कुठे बसतोस’, ‘व्हॅनमधे तुझ्या बाजूला कोण असतं’, ‘वर्गात त्यातल्या त्यात बरं कोण आहे’ असे जागेचे नि माणसांचे प्रश्न विचारा, त्यातून सगळं बाहेर येतं. तो सांगायला लागला की मधे बोलायचं नाही, ‘मग तू का नाही बोललास’ हे तर अजिबात नाही. तो म्हणेल आई शाळेत सांगू नकोस, अजून मारतील. ही भीती खरी आहे, तिला हसू नका, पण ‘नाही सांगणार’ असं वचनही देऊ नका कारण ते मोडावंच लागेल. त्यापेक्षा सांगा की मी काय करणार ते आधी तुला सांगीन, तुला न विचारता तुझ्या वर्गात येऊन तमाशा करणार नाही, पण गप्प पण बसणार नाही. हे वाक्य मुलं लक्षात ठेवतात.

आता मिस्टरांचं ‘दोन ठेवून दे’. साहेब, तुम्हीही वाचत असाल तर, राग बरोबर आहे तुमचा, हिशोब बरोबर नाही. ते चार, हा एक. याने एक मारली की चार परत येतील, आणि वर्गात नेहमी दुसरी थप्पड पकडली जाते, पहिली नाही, म्हणजे मॅडमच्या वहीत नाव याचंच जाणार आणि मग तुम्ही शाळेत तक्रार न्याल तेव्हा ते वही उघडून दाखवतील. शिवाय जे पोर मारणारं असतं ते तुम्ही सांगायच्या आधीच मारून मोकळं झालं असतं, ज्याला जमत नाही त्याला बापाने ‘मार’ म्हणून सांगितलं की त्याच्या डोक्यात अजून एक नापास होण्याची भर पडते, पोरांसमोरही नापास आणि बाबांसमोरही. याचा अर्थ खाली मान घालून सहन कर असाही नाही. घरी बाबांबरोबरच प्रॅक्टिस करू दे, पाठ सरळ, आवाज मोठा, एकच वाक्य, ‘बस झालं, दप्तर दे’, आणि वळून जिथे मोठं माणूस असेल तिकडे चालायला लागायचं. नुसतं नावाने चिडवलं तर ‘हो, लातूरचा आहे, पुढे?’ एवढंच, रागाने नाही, कंटाळल्यासारखं. चिडवण्यावर हे कधीकधी छान चालतं. कोंडण्यावर, मारण्यावर, वस्तू हिसकावण्यावर नाही चालत, तिथे सरळ मोठ्या माणसाकडे जायचं, आणि हे चुगली नाही हे त्याला बाबांच्या तोंडून कळायला हवं. आईने सांगितलं तर बारा वर्षांच्या मुलाला ते आईचं प्रेम वाटतं, बाबांनी सांगितलं की नियम वाटतो. काय करणार, असंच आहे.

पण खरं सांगू का ताई, तुमचं सगळं पत्र मुलाला कसं बदलायचं यावर आहे, बोली बदलू, धीट करू, शाळा बदलू. माझं म्हणणं आहे मुलाला नंतर बघू, आधी त्याच्या भोवतीच्या बघ्यांकडे बघा. ही चार पोरं रिकाम्या व्हॅनमधे ‘करलालो’ ओरडतील का? नाही ओरडणार, कुणी हसायलाच नसेल तर त्यात मजा काय. कॅनडात टोरांटोच्या शाळांमधे संशोधकांनी मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून आणि लांबून कॅमेरे ठेवून मैदानावर खरंच काय घडतं ते बघितलं होतं, २००१ मधे ते छापून आलं. छळाच्या ८८ टक्के घटनांत आजूबाजूला दुसरी मुलं हजर होती. मधे पडलं कुणीतरी ते फक्त १९ टक्के वेळा. पण मधे पडलं की ५७ टक्के वेळा दहा सेकंदांच्या आत सगळं थांबलं. दहा सेकंद! म्हणजे ‘ए सोड ना त्याला’ म्हणायला लागतात तेवढेच. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी तर १९९६ मधेच मांडलं होतं की वर्गात त्रास देणारा आणि सोसणारा असे दोनच नसतात, हात लावू लागणारे असतात, हसून टाळ्या देणारे असतात, बाजूला होणारे असतात आणि थोडेसे वाचवणारेही असतात. त्यावरून तूर्कू विद्यापीठात ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तिथल्या शाळांमधे देशभर गेला. त्यात त्रास देणाऱ्यांना एकेकटं बोलावून बोलतात, आणि त्याच वर्गातली दोन-चार अशी मुलं निवडतात ज्यांचं वर्गात वजन आहे, त्यांना सांगतात याच्याबरोबर रहा, मग काही दिवसांनी पुन्हा सगळ्यांना भेटतात. यात परदेशी असं काय आहे? आपल्या शाळेत पूर्वी एखाद्या गुरुजींनी ‘तू याच्याशेजारी बस रे’ म्हणून नेमकं पोरगं हेरलेलं असायचंच की.

तर तुमचं काम म्हणजे ते एक पोरगं किंवा पोरगी शोधणं. ‘वर्गात त्यातल्या त्यात बरं कोण’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच महत्त्वाचं. सोसायटीतलं असेल तर फारच छान, नसेल तर त्याच्या आईचा नंबर मिळवा, रविवारी घरी बोलवा, क्रिकेट म्हणा, कॅरम म्हणा, निमित्त काहीही चालेल, आणि त्याच्यापुढे आपल्या पोराचं रडगाणं गाऊ नका, नुसतं खेळू द्या नि खायला घाला. एक पक्का मित्र बाजूला असला की टोळकं पहिल्यासारखं हात घालत नाही. डब्याचं पण तसंच बघा. भाकरी बंद करू नका, आठवड्यातनं एकदा चार जास्तीच्या तुकड्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी द्या की दोघांनी मिळून खायला. पोराला अगदीच नको असेल तर मात्र जबरदस्ती नको, त्याने पोळी मागितली तर पोळी द्या, त्यात आपली हार वगैरे काही नाही, भुकेलं राहण्यापेक्षा बरं.

मोठ्या माणसांतही दोन जण तुम्ही हिशोबात धरले नाहीत. व्हॅनकाका आणि सफाईच्या मावशी. शाळेत काय चालतं हे मुख्याध्यापकांच्या आधी यांना माहीत असतं. मावशींनी कडी स्वतःच्या हाताने उघडलीये, त्या तुमच्या साक्षीदार आहेत, त्यांचे आभार मानायला म्हणून भेटा आणि मधल्या सुट्टीत जरा लक्ष ठेवा म्हणा. व्हॅनकाकांना दम द्यायला जाऊ नका, त्यांना फक्त एवढंच सांगा की उद्यापासून हा पुढे तुमच्या मागच्या सीटवर बसेल. पैसे आपण देतो, एवढं मागायचा हक्क आहे. निम्मा त्रास व्हॅनमधला आहे आणि तो एका सीटच्या बदलाने बराच कमी होतो.

शाळेत मात्र आता तोंडी जायचं नाही, लेखी जायचं. त्याआधी एक वही करा. तारीख, वार, जागा, काय झालं, कुणी बघितलं, एवढंच. ‘अमानुष’, ‘भयंकर’ असले शब्द नकोत, ‘अमुक तारखेला मधल्या सुट्टीत मुलांच्या टॉयलेटची कडी बाहेरून लावली, सफाई मावशींनी उघडली, नंतर उशीर झाल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं’ हे वाक्य कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतं. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने करा, प्रत क्लास टीचरना, आणि ऑफिसमधे देऊन आपल्या कॉपीवर सही-शिक्का-तारखेची पोहोच घ्या. पोहोच घेतली की कागदाला पाय फुटतात, नाहीतर तो टेबलाच्या खणातच राहतो. अर्जात मागण्या लिहा, नुसती तक्रार नको: वर्गात जागा बदलून त्या बऱ्या मुलाशेजारी, मधल्या सुट्टीत टॉयलेटच्या पॅसेजमधे कुणीतरी मोठं माणूस, त्या चौघांशी वेगवेगळं बोलणं, आणि पंधरा दिवसांनी तुमच्याबरोबर पुन्हा बैठक. आणि दोन गोष्टी करू नका हेही लिहा. चौघांना आणि याला एकत्र उभं करून ‘हात मिळवा, मित्र व्हा’ करू नका, कारण ते हात तिथे मिळवतात आणि व्हॅनमधे पिरगाळतात. आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर याचं नाव घेऊन भाषण देऊ नका.

क्लास टीचरबद्दल. त्यांच्यावर तुमचा राग असणार, तरी पहिल्या भेटीत तो बाजूला ठेवा, पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात परीक्षा आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं, त्यांनाही सगळं दिसत नाही. पण एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगायलाच हवी की ‘नीट बोल’ असं तुम्ही वर्गात म्हणता तेव्हा त्या चौघांना परवाना मिळतो. मुलं बाईंचा चेहरा वाचतात, बाईंच्या ओठावर हसू आलं की वर्ग हसतो. ज्या वर्गात खानदेशी बोलीतली कविता पाठ करून घेतली जाते आणि चालीवर म्हणून दाखवली तर टाळ्या पडतात त्याच वर्गात उस्मानाबादी, लातुरी बोलीला खो-खो हसायचं, हे कसं काय? असं विचारा, हसत विचारा. चांगल्या बाई असतील तर त्यांना तिथेच कल्पना सुचेल, प्रत्येकाने आपल्या आजीच्या गावचे पाच शब्द आणायचे असा एक तास त्या सहज घेतील. वर्गात कोकणातले, नगरचे, विदर्भातले, सगळे निघतील बघा, पुण्यात तीन पिढ्यांचे असे किती असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, धमकी द्यायला नाही, तुम्ही भीक मागत नाही आहात हे तुम्हाला कळावं म्हणून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, म्हणजे बोलीवरून मोठ्यांनीच टोमणे मारणं हेही त्या नजरेतून बघता येतं. शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाने २०१५ मधे बुलिंग रोखण्यासाठी सूचना दिल्यात, शाळेत त्यासाठी समिती हवी, ती कोणाची आहे ते विचारा. राज्य बोर्डाच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे, आणि तक्रारपेटीही. बऱ्याच शाळांत ती पेटी ऑफिसच्या दारातच टांगलेली असते, तिथे कोण चिठ्ठी टाकणार म्हणा, पण आहे. शिवाय महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात संस्थेच्या प्रमुखाने तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची असं आहे. सातवीतल्या पोरांवर केस टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये, अठराच्या खालच्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याची वाटच वेगळी आहे आणि त्या वाटेने जायची इथे गरज दिसत नाही. पण शाळेत महिनाभर काहीच हललं नाही तर शिक्षणाधिकारी कार्यालय, आणि त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग, या दोन पायऱ्या आहेत आणि तिथे तुमची ती वही नि पोहोच कामाला येते.

स्टिकरचं. आधी स्क्रीनशॉट काढा, ज्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा, मग स्टिकर रिपोर्ट करा. सातवीतल्या पोरांचे ग्रुप बहुतेक वेळा आईबाबांच्याच मोबाइलवर असतात, म्हणजे ते स्टिकर इतर पालकांनीही बघितलेत आणि पुढे सरकवलेत, बघे फक्त वर्गातच नसतात. तरीही पालकांच्या ग्रुपवर जाऊन ‘हे कुणाच्या मुलाने केलं’ असं टाकू नका, तासाभरात दोन पार्ट्या पडतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. स्क्रीनशॉट अर्जाला जोडा, बस. फक्त एक लक्षात ठेवा, कधी कपडे ओढलेला किंवा टॉयलेटमधला फोटो-व्हिडिओ निघाला असं कळलं तर तो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, शाळेलाही नाही, तो मुलाचा तसला फोटो आहे आणि तो पाठवणंच गुन्हा होऊ शकतो. ज्या फोनवर आला तो फोन घेऊन सरळ पोलिसांकडे. तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागू होऊ शकतो आणि मग शाळेला ‘आपसात मिटवा’ म्हणायची मुभा राहत नाही.

त्या चौघांच्या आईवडिलांना स्वतःहून फोन करू नका. आपला मुलगा असं करतो हे फोनवर ऐकून शांत राहणारे पालक फार कमी, भांडण होतं आणि त्याचा सूड सोमवारी व्हॅनमधे निघतो. शाळेला मधे राहू दे. आणि हे वाचणाऱ्यांत कुणाचं पोर त्या मागच्या सीटवरच्या चौघांसारखं असेल तर त्यांनाही एक सांगायचंय, शाळेतून फोन आला की ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ हे वाक्य गिळा आणि ‘काय केलं त्याने’ हे विचारा. मुलाला बदडू नका, बदडल्याने तो शिकतो की ज्याच्या अंगात जोर त्याचं खरं, आणि तेच तर तो आधीच शिकून बसलाय. काय केलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्या, व्हॅनची मागची सीट आणि मोबाइल काही दिवस बंद, आणि नुकसान केलं असेल तर त्याच्या खाऊच्या पैशातून भरून द्यायला लावा. ही पोरं राक्षस नसतात, बारा वर्षांचीच असतात. बऱ्याचदा टोळीत एक जण खरा पुढारी आणि बाकीचे तीन, आपल्यावर येऊ नये म्हणून हसणारे. म्हणूनच वेगवेगळं बोलवायचं, एकेकटी बसली की त्यातली दोन तरी लगेच विरघळतात.

एक गंभीर गोष्ट. तो कधी ‘मला जगायचंच नाही’, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही बोलला, किंवा बोलला नाही पण आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, झोप-जेवण पूर्ण तुटलं, तर शाळेच्या बैठकीची वाट बघायची नाही. त्याला एकटं ठेवू नका, त्याला सरळ शब्दांत विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे, हा नंबर त्याच्या वहीच्या मागच्या पानावर त्यालाच लिहून द्या, तो स्वतःही लावू शकतो. पोटदुखी महिनाभरात कमी झाली नाही तर बालमानसतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका.

आणि शाळा बदलण्याबद्दल. आत्ता लगेच नको. त्याने नुकतंच गाव सोडलंय, घर सोडलंय, आजी सोडलीये, चार महिन्यांत दुसऱ्यांदा नवा वर्ग म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तिथेही पहिल्या दिवशी तो तोंड उघडणार आणि कुणीतरी हसणार. पण ‘काहीही झालं तरी इथेच’ असंही नाही. अर्ज दिला, पोहोच घेतली, पंधरा दिवसांची बैठक झाली, त्यानंतर जागा बदलली का, पॅसेजमधे माणूस उभं राहतं का, व्हॅनमधली सीट बदलली का हे बघा, मुलाला आठवड्याला एकदा विचारा की आता दहापैकी किती वाईट आहे, आणि तो आकडा वहीत टाका. पहिल्या आठवड्यात थोडं वाढतं कधीकधी, त्याने घाबरू नका. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आकडा खाली येत असेल तर राहू दे त्याला तिथे. आकडा तिथल्या तिथेच असेल, किंवा मुख्याध्यापकच तुम्हाला म्हणाले की तुमचाच मुलगा जमवून घेत नाही, तर मग खुशाल दाखला काढा, आणि नव्या शाळेत फी विचारायच्या आधी एवढंच विचारा की मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष कोण ठेवतं. ज्या शाळेत याचं उत्तर नावानिशी मिळेल तिथे फॉर्म भरा.